शुक्रवारची गाणी : नवं मराठी संगीत शोधण्याचं एक वर्ष

जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं, की दर शुक्रवारी पाच नव्या गाण्यांवर लिहायचं. गाणी मराठी, किंवा निदान महाराष्ट्रात बनलेली. सिनेमातली नकोत, मालिकांची शीर्षकगीतं नकोत, मोठ्या कंपनीने जाहिरातीच्या जोरावर कानात कोंबलेली तर नकोतच. मी संगीत शिकलेली नाही. सांगलीत वाढले, पुण्यात नोकरी करते, गाण्यातली माझी पात्रता ऐकण्यापुरतीच. कुणाला असंच काही सुरू करायचं असेल तर वेळ कुठे जातो, पैसे कुठे जातात आणि घाम कुठे फुटतो, हे सांगावं म्हणून लिहितेय.

शुक्रवार निवडला त्याला कारण आहे. १० जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रदर्शित करायचा पायंडा पडला. त्याआधी अमेरिकेत मंगळवार होता, ब्रिटनमध्ये सोमवार. आपल्याकडची मुलंही आता गाणं वितरकाकडे (म्हणजे ते सगळ्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) देताना शुक्रवारचीच तारीख टाकतात. माझा बेत असा, की गुरुवारी रात्री बारानंतर गाणी येतील, सकाळी ऐकेन, संध्याकाळी लिहेन. नोकरी असलेल्या माणसाने असला बेत करू नये. फेब्रुवारी संपेपर्यंत मी लिहायचा दिवस रविवारवर ढकलला आणि नाव तेवढं 'शुक्रवारची गाणी' ठेवलं.

पहिले काही आठवडे स्पॉटिफायच्या भरवशावर काढले. सोमवारी 'डिस्कव्हर वीकली', शुक्रवारी 'रिलीज रडार'. पण या याद्या आपण आधी काय ऐकलंय त्यावरून बनतात. मी आयुष्यभर भावगीतं ऐकलेली, म्हणून मला भावगीतांचीच 'लोफाय' रूपं मिळत राहिली: मागे पावसाचा आवाज, पुढे जुनी चाल, आवाज मुद्दाम मरगळलेला. पाऊस लावला की गाणं इंडी (म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे केलेलं) होतं असा समज कुणी पसरवला कोण जाणे. शोधाच्या चौकटीत 'मराठी इंडी' टाइप केलं तरी तेच. जे स्वतःला इंडी म्हणवतात त्यांचंच तिथे सापडतं, आणि महाराष्ट्रात घरी बसून गाणी करणारी बहुतेक पोरं तो शब्दच वापरत नाहीत.

रस्ता सापडला तो श्रेयनामावलीत. एखादं गाणं आवडलं की त्या गायकाची पुढची गाणी शोधायची नाहीत. गाणं मिक्स कोणी केलं, बीट कोणाची, गिटार कोणाची ते बघायचं आणि त्या माणसाने आणखी कोणाकोणासाठी काम केलंय तिकडे जायचं. मुंबईच्या 'स्वदेशी' या हिप-हॉप गटाचं २०१९ मधलं वारल्यांच्या बंडावरचं गाणं मला माहीत होतं. आरेतल्या प्रकाश भोईर यांचा आवाज आहे त्यात. एका संध्याकाळी त्या गटापासून सुरुवात केली आणि सोबत काम केलेल्यांची नावं धरत धरत मराठी रॅपच्या अशा कोपऱ्यात पोचले, की तिथे गाण्याला शंभर ऐकणारेही नव्हते आणि गाणी मात्र खणखणीत होती. असंच पुढे अमरावतीच्या '१०० आरबीएच'पासून विदर्भातल्या पोरांकडे गेले, 'अभंग रिपोस्ट'पासून अभंगाला ड्रम-गिटार जोडणाऱ्या इतर बँडकडे.

श्रेय कुठे बघायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. स्पॉटिफायवर गाण्याच्या शेजारच्या तीन टिंबांत 'क्रेडिट्स' असतात. यूट्यूबवर कलाकाराच्या खऱ्या व्हिडिओखाली बरेचदा नुसते इन्स्टाग्रामचे दुवे असतात. पण वितरकामार्फत गाणं आलं असेल तर त्याच गाण्याचं आपोआप बनलेलं दुसरं पान असतं. हलता व्हिडिओ नाही, फक्त मुखपृष्ठ, आणि चॅनेलच्या नावापुढे 'टॉपिक'. त्याच्या वर्णनात 'प्रोव्हायडेड टू यूट्यूब बाय' असं म्हणून वितरकाचं नाव, गोलातला 'पी' आणि हक्कधारक, प्रदर्शनाची तारीख, संगीतकार, गीतकार असं सगळं येतं. ते पान ऐकायला कोणी जात नाही, वाचायला मात्र जावं.

त्याहून कोरडी गोष्ट म्हणजे आयएसआरसी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा हा बारा अक्षरांचा क्रमांक. पहिली पाच अक्षरं क्रमांक देणाऱ्याची आणि त्याच्या देशाची, पुढचे दोन आकडे वर्षाचे, उरलेले पाच त्या गाण्याचे. भारतात हे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था बघते. पण घरबसल्या परदेशी वितरकामार्फत गाणं टाकलं, की अमेरिकेचा 'क्यूझेड'ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तेव्हा क्यूझेड दिसला म्हणून गाणं अमेरिकेतलं समजू नका, ते तासगावचंही असेल. आयएफपीआय या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर हा क्रमांक फुकट शोधता येतो. मला त्याचा खरा उपयोग झाला तो वर्षाच्या आकड्यांचा: 'ब्रँड न्यू' म्हणून आलेल्या गाण्याच्या क्रमांकात १९ दिसले, की जुनंच गाणं नवं मुखपृष्ठ लावून आलंय हे लगेच कळतं.

बँडकँप या संकेतस्थळाचं प्रकरण वेगळं. तिथे गाणं विकत घेता येतं आणि एरवी डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा कंपनी घेते. मार्च २०२० मध्ये, कोविडने कार्यक्रम बंद पडले तेव्हा, त्यांनी एक शुक्रवार स्वतःचा वाटा सोडला आणि मग ती प्रथाच पडली. हा 'बँडकँप फ्रायडे' कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतो. आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होऊन शनिवारी दुपारी साडेबाराला संपतो. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे गेली की दीडला. ७ फेब्रुवारीला मी सकाळपासून तयार बसले होते आणि दीड वाजता पैसे भरायला गेले तर कार्ड चालेना. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून देतात. बाकीचं आपण अ‍ॅपमध्ये जाऊन स्वतः उघडायचं. हे आदल्या दिवशीच करा, आणि मर्यादा हजार-दोन हजारांचीच ठेवा. माझ्या कार्डावर डॉलरच्या खरेदीला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. सात डॉलरच्या अल्बमला हे फार नाही, पण महिन्याला चार-पाच अल्बम घेतले की विवरणपत्रात बारीक बारीक ओळींची रांग लागते.

बँडकँपवर मला आवडलेला भाग खरेदीचा नव्हे. प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची चित्रं दिसतात. एकावर टिचकी मारली की त्याने आजवर घेतलेलं सगळं समोर येतं. पुण्याच्या एका छोट्या बँडचा अल्बम घेणारा माणूस लाइपझिगचा निघाला आणि त्याच्या संग्रहात मला ठाण्याची एक इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी मुलगी सापडली. साउंडक्लाउडवर हेच काम 'लाइक्स'च्या यादीतून होतं. कलाकाराचं स्वतःचं गाणं ऐकून झालं, की तो काय ऐकतो ते बघायचं.

मार्चपासून गाणी करणाऱ्यांच्या मेल येऊ लागल्या. सुरुवातीला फार भारी वाटलं. दोन आठवड्यांत पेटी उघडायची धास्ती वाटू लागली. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून आलं आणि गाजलं. क्रेटेक्स आपल्या प्रकाराला 'एम-हाऊस' म्हणतो, म्हणजे मराठी हाऊस (हाऊस हा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार). त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मेलच्या विषयात 'एम-हाऊस' असायचं. आत ढोल असो, हाऊस असो, नाहीतर दोन्ही नसो. काहींनी गाण्याची फाईलच जोडलेली, काहींनी उघडणारच नाही असा ड्राइव्हचा दुवा, काहींनी नुसतं 'चेक धिस आउट ब्रो'. उत्तर न देता आल्याची टोचणी मात्र लागायची, कारण पाठवणाऱ्याने ते गाणं रात्री जागून केलेलं असतं.

शेवटी एक साधा फॉर्म केला: गाण्याचा दुवा, प्रदर्शनाची तारीख, गीतकार, संगीतकार, गायक, मिक्स-मास्टर कोणाचं, दुसऱ्याच्या मुद्रणातला तुकडा (सॅम्पल) वापरलाय का, वापरला असेल तर कोणाचा, आणि सगळी नावं देवनागरीत कशी लिहायची. मेल निम्म्यावर आल्या. जे हा फॉर्म भरतात त्यांचं गाणं बरं असतंच असं नाही, पण त्यांच्याविषयी लिहिता येतं. पैसे घेऊन ऐकायची सोयही जगात आहे. २०१५ पासून चालणाऱ्या सबमिटहबवर कलाकार थोडे पैसे भरतो आणि ऐकणाऱ्याला ठरावीक वेळात उत्तर द्यावं लागतं. मी त्या वाटेला गेले नाही. घरून पैसे मागून स्टुडिओ भाड्याने घेणाऱ्या मुलाकडून ऐकण्याचेही पैसे घ्यायचे हे मला जमणारं नाही. ज्यांना जमतं त्यांचा वेळ वाचतो, हे खरं आहे.

फायली स्वतःच्या पानावर ठेवायच्या नाहीत, हे पहिल्या दिवसापासून पाळलं. एके काळी संगीतावर लिहिणारे लोक सर्रास एमपी३ चढवायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने ब्लॉगर या आपल्या ब्लॉगसेवेवरची अशी कित्येक पानं एका फटक्यात काढून टाकली, आणि त्यातल्या काहींनी तर कंपन्यांच्या परवानगीने गाणी लावलेली होती. वर्षांचं लिखाण गेलं. म्हणून फक्त कलाकाराच्या मूळ जागेचा प्लेअर जोडायचा, आणि लिहिलेलं सगळं स्वतःकडेही जपून ठेवायचं.

आता रिमिक्सकडे येते. माझ्या वर्षातला सगळ्यात मोठा तुकडा यात गेला.

पश्चिम महाराष्ट्रात रिमिक्सचं कॅलेंडर वेगळं चालतं. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची भीमजयंती, मग गणपती, मग नवरात्र. प्रत्येकाच्या आधी दोन-तीन आठवडे नवे मिक्स पडतात. हलगी मिक्स, संबळ मिक्स, आराधी मिक्स, साउंड चेक. मुंबईत बसून इंडी संगीतावर लिहिणारे यांना हिशेबात धरत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात धाडसी ध्वनी सध्या इथेच आहे. ही गाणी लॅपटॉपवर ऐकून मत बनवू नका. ती मिरवणुकीतल्या बेसच्या भिंतीसाठी केलेली असतात. लॅपटॉपमधून त्यांचा खालचा अर्धा भाग येतच नाही. मी तीन हजारांच्या आतले वायरवाले हेडफोन घेतले, तेवढ्यावर भागलं.

ऑगस्टमध्ये एका देवीच्या गाण्याचा हलगी मिक्स हाती लागला. बाईचा नव्हे, पुरुषाचा चिरका, उंच आवाज. मध्येच सगळं थांबतं आणि एकटी हलगी आठ मात्रा बोलते. शझाम या गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपला ओळखता येईना. यूट्यूबवर तोच मिक्स डझनभर चॅनेलवर, प्रत्येकाने सुरुवातीची 'डीजे अमुक'ची ललकारी कापून स्वतःची चिकटवलेली. अपलोडच्या तारखा लावून सगळ्यात जुनं पान काढलं, तर तिथेही दुसऱ्याचीच ललकारी. खाली प्रतिक्रियांत 'भावा फुल व्हर्जन टाक'. हा माल मुळात यूट्यूबसाठी नसतोच. 'अनरिलीज्ड' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत विकला जातो. मला तीनशे रुपयांत दहा ट्रॅकचा संच मिळाला, पैसे यूपीआयने. काही जण एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाईलही विकतात, तिला 'एफएलपी' म्हणतात आणि तिचा भाव जास्त.

शेवटी सांगलीतल्या आमच्या ओळखीच्या साउंडवाल्यांनी मिक्स करणाऱ्याचा नंबर दिला. पोरगा मिरजेचा. पहिल्या फोनला तो घाबरलाच. "मॅडम, क्लेम बिम घातलाय काय?" मी कंपनीची नाही हे पटायला बराच वेळ गेला. मग 'मॅडम'ची 'ताई' झाली. "ताई, हलगी माझ्या मामानं वाजवलेली हाय, ती मीच मोबाइलवर भरली. पण आवाज कुणाचा ते न्हाय मला ठावं. काकाकडं कॅसेट होती." काकांकडे कॅसेट अजून होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आतल्या कागदाचा फोटो आला: गीत, संगीत, गायक, कोरस, सगळी नावं छापलेली, कागद पाण्याने फुगलेला. गायक तोच गीतकार. ते हयात नाहीत. त्यांचा मुलगा सोलापूर जिल्ह्यात मंडप आणि साउंडचा धंदा करतो, आणि आपल्या वडिलांचा हा मिक्स तो स्वतःच्याच साउंडवर वाजवत होता. मला वाटलेलं चिडतील. ते म्हणाले, "वाजू द्या की. खाली बाबांचं नाव तेवढं टाकायला सांगा."

हक्काचा कागद मात्र त्यांच्याकडे एकही नव्हता. वडिलांनी कॅसेट कंपनीकडून एकरकमी पैसे घेतलेले, ती कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीने घेतली. मुद्रण कंपनीचं, शब्द-चाल वडिलांची, हलगी मिरजेच्या मामांची, मांडणी भाच्याची. लिहिताना मी चौघांचीही नावं दिली, मुलाला आणि मामा-भाच्यांना विचारून. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था आहे आणि वारसांनाही सभासद होता येतं, हे मुलाला सांगितलं. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, पॅन, बँकेचा तपशील अशी यादी ऐकल्यावर ते म्हणाले, "सीझन झाल्यावर बघू."

५ सप्टेंबरला बँडकँप फ्रायडे आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. ठाण्याच्या त्या मुलीचा अल्बम मी शनिवारी सकाळी, लक्ष्मी रस्त्याच्या एका गल्लीत, कानठळ्या बसत असताना साडेबाराच्या आत विकत घेतला. नेटवर्क येईना म्हणून मित्राच्या घराच्या जिन्यात जाऊन.

१२ सप्टेंबरला हलगी मिक्सवर एक छोटा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. मी बोलते आणि मध्ये वीसेक सेकंद तो मिक्स. काही मिनिटांत मेल आली: कॉपीराइटचा दावा. पोटात गोळा आला. चॅनेल जाणार, पोलीस येणार, इथपर्यंत मन पोचलं. म्हणून हे शांतपणे लिहिते. कंटेंट आयडी ही यूट्यूबची आपोआप आवाज जुळवणारी यंत्रणा. तिचा दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलला मिळणारी सक्त ताकीद, नव्हे. यंत्राने आवाज जुळवला आणि हक्कधारकाने आधीच ठरवून ठेवलेली गोष्ट झाली. ती जाहिरातीचे पैसे घेण्याची, व्हिडिओ रोखण्याची किंवा नुसती नोंद ठेवण्याची असू शकते. आपल्यापुढे पर्याय असतात: तो भाग कापा, आवाज बंद करा, दुसरं संगीत लावा, किंवा हरकत घ्या. हरकत घेतली की दावेदाराला ३० दिवस. त्याने उत्तर दिलं नाही तर दावा सुटतो. त्याने दावा कायम ठेवला तर अपील करता येतं आणि मग त्याला ७ दिवस. तिथेही तो अडून राहिला तर तो व्हिडिओ उतरवायला लावू शकतो आणि तेव्हा स्ट्राइक येतो, जो ९० दिवस राहतो. तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं.

१३ तारखेला हरकत घेतली. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(क): टीका किंवा समीक्षेसाठी केलेला न्याय्य वापर. कोणत्या सेकंदाला मी कशाबद्दल बोलते आहे तेही लिहिलं, कारण नुसतं गाणं वाजवून ठेवलं तर ती समीक्षा होत नाही. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' ही ऐकीव गोष्ट आहे. कायद्यात सेकंद नाहीत. 'नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड' या मंत्राचाही उपयोग नाही. आणि जुनं गाणं पुन्हा गाण्यासाठी जे कलम ३१ग (31C) आहे, पाच वर्षांनंतर, आगाऊ नोटीस आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन भरून, ते रिमिक्सला लागू पडत नाही, कारण रिमिक्समध्ये मूळ मुद्रणच वापरलेलं असतं. मी वकील नाही. मोठं प्रकरण असेल तर वकिलाला दाखवा.

दरम्यान कंपनीलाही लिहिलं. नाव घेत नाही. उत्तर नाही म्हणून फोन केला, तर सांगितलं की अर्ज लेटरहेडवर हवा. माझ्याकडे कसलं लेटरहेड? घरी वर्डमध्ये नाव-पत्ता टाकून बनवलं आणि पीडीएफ पाठवली. मग एक तक्ता आला: किती सेकंद, कोणता प्लॅटफॉर्म, कोणता प्रदेश, किती वर्षं, उत्पन्न आहे की नाही. प्रदेशात 'जग' लिहिताना हसू आलं. माझा व्हिडिओ तेव्हा दोन-अडीचशे लोकांनी बघितला होता. तक्ता भरून पाठवला, त्याचं पुढे काही कळलं नाही. ते ३० दिवस मी दुसरा व्हिडिओ टाकला नाही, रोज सकाळी आधी ते पान उघडायचे. ऑक्टोबरच्या मध्यावर दावा सुटल्याची मेल आली, दोन ओळींची.

डिसेंबरअखेरपर्यंत दर आठवड्याला पाच गाणी काही जमली नाहीत. कधी तीन, कधी दोन, दिवाळीत शून्य. यंदा तीनच ठरवली आहेत. ज्यांना गाणं पाठवायचंय त्यांनी बुधवार रात्रीपर्यंत फॉर्म भरा, सॅम्पलची चौकट रिकामी सोडू नका.

मिरजेच्या पोराने शिवजयंतीसाठी नवा मिक्स केलाय. या वेळी वर्णनात गीतकाराचं नाव टाकलंय, मामाचंही. गीतकाराचं आडनाव चुकलंय, सांगितलं तर म्हणाला, "ताई, एकोणीस तारीख होऊ दे, मग बदलतो."